ज्येष्ठांच्या व बालांच्या बुद्धिबळ स्पर्धा आणि उपस्थितीचा प्रश्न
(पिंपळे गुरवच्या संदर्भात)

स्थानिक बुद्धिबळ स्पर्धा भरविताना संयोजकांचे लक्ष प्रथम बक्षिसांच्या रकमेकडे व जाहिरातीकडे जाते. पहिल्या वर्षी या दोहोंमुळे मंडप भरतोही. परंतु आलेला खेळाडू दुसऱ्या वर्षी पुन्हा येतो की नाही, हे मुख्यतः त्याला किती डाव खेळावयास मिळाले व ते कोणाशी मिळाले यावर ठरते. ज्येष्ठ आणि बाल या दोन गटांत हे विशेष स्पष्टपणे दिसते. कारण दोघांनाही घरातून स्पर्धास्थळी येण्यासाठी काही खटपट करावी लागते, आणि एका पराभवानंतर परतावे लागले तर ती खटपट व्यर्थ वाटते.

चौसष्ट खेळाडूंची स्पर्धा उदाहरणादाखल घेऊ. बाद पद्धतीने ती खेळविल्यास सहा फेऱ्यांत ६३ डावांनंतर विजेता ठरतो. मात्र पहिल्याच फेरीनंतर ३२ जणांना घरी जावे लागते. साखळी पद्धतीत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते, पण त्यासाठी २,०१६ डाव लागतात; हे कोणत्याही स्थानिक मंडळाला झेपणारे नाही. झुरिच येथे १८९५ साली प्रथम वापरल्या गेलेल्या स्विस पद्धतीने या दोहोंतून मार्ग काढला. तीत कोणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत शक्यतो समान गुण असलेल्यांच्या जोड्या लावल्या जातात. सहा फेऱ्यांत १९२ डाव होतात आणि प्रत्येकाच्या वाट्यास सहा डाव येतात. एकही डाव बरोबरीत सुटला नाही व जोड्या नेहमी समान गुणांच्याच लागल्या असे धरल्यास, अखेरीस सहा गुण एकाला, पाच गुण सहा जणांना, चार गुण पंधरांना, तीन गुण वीस जणांना, दोन गुण पंधरांना, एक गुण सहा जणांना आणि शून्य गुण केवळ एकाला मिळतात. म्हणजे ६४ पैकी ६३ खेळाडू किमान एक डाव जिंकूनच घरी जातात. उपस्थितीच्या दृष्टीने या आकड्याचे मोल मोठ्या बक्षिसाहून अधिक आहे.

आता हे गणित पिंपळे गुरवच्या परिस्थितीस लावून पाहावे. पवनेच्या काठचे हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीस १९५४ मध्ये उभा राहिला, आणि पुढील दशकांत या पट्ट्यात औद्योगिक वस्ती वाढत गेली. त्या काळी कारखान्यांत लागलेली पिढी आता निवृत्त झाली असून तिची नातवंडे शाळेत आहेत. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, शाळांची मात्र रविवारी. त्यामुळे रविवारच्या स्पर्धेस मुलाला घेऊन येणे पालकांना नेहमी जमतेच असे नाही; ते काम पुष्कळदा आजोबांकडे अथवा आजीकडे येते. मुलाचे डाव चालू असता त्यांनी तीन-चार तास बाहेर खुर्चीवर बसून राहावयाचे, ही रूढ व्यवस्था होय. त्यांनाही पटावर बसविले, तर एका घरातून एकाऐवजी दोन खेळाडू मिळतात.

यासाठी दोन स्वतंत्र स्पर्धा भरविणे इष्ट नाही. ज्येष्ठांची संख्या दहा-बारा असेल, तर सहा फेऱ्यांत त्यांच्या त्यांच्यातच जोड्या लावणे अवघड होऊन बसते. सामना एक व बक्षिसांच्या याद्या निरनिराळ्या, ही रचना अधिक सोयीची ठरते. ज्येष्ठांसाठी वयाची रेषा कोठे आखावी, याबाबत जागतिक बुद्धिबळ महासंघाची २०१४ पासूनची पन्नास व पासष्ट वर्षे ही विभागणी आधारास घेता येते. आठ वर्षांच्या मुलाकडून हार पत्करण्याचा संकोच काही ज्येष्ठांना वाटतो, हे नाकारता येत नाही. परंतु स्विस पद्धतीत दोन-तीन फेऱ्यांनंतर बहुधा आपल्याच तोलाचा प्रतिस्पर्धी समोर येत असल्याने हा संकोच फार काळ टिकण्याचे कारण उरत नाही. एकाच घरातील दोघांची गाठ पडू नये अशी इच्छा असल्यास तसा नियम आरंभीच जाहीर करावा.

वेळेचा विचारही तितकाच आवश्यक आहे. प्रत्येकास पंधरा मिनिटे व दर खेळीस दहा सेकंदांची भर दिल्यास साठ खेळ्यांचा डाव पन्नास मिनिटांत संपतो. सहा फेऱ्या एकाच दिवशी घेण्यापेक्षा लागोपाठच्या दोन रविवारी सकाळी तीन-तीन घेतल्यास ज्येष्ठांची पाठ व बालांचे लक्ष, दोन्ही थकत नाहीत. खेळीगणिक मिळणाऱ्या भरीमुळे जिंकत असलेला डाव केवळ हात मंद चालल्याने घालविण्याची वेळ ज्येष्ठांवर सहसा येत नाही. त्यांच्यापैकी काहींनी लहानपणी देशी पद्धतीचा खेळ शिकलेला असतो. तीत प्याद्यास पहिल्या खेळीत दोन घरे जाता येत नसे. म्हणून पहिल्या फेरीपूर्वी पंचांनी किल्लेकोट, प्याद्याची चाल, हात लावलेले मोहरे चालविण्याचा नियम व घड्याळाचा वापर मराठीतून समजावून सांगणे हिताचे असते. विषम संख्या झाल्यास ज्याला पुढे चाल मिळते, त्याच्याशी एखाद्या कार्यकर्त्याने मैत्रीचा डाव खेळावा. नाहीतर गुण मिळूनही त्याची सकाळ रिकामी जाते.

अशा सातत्याचे फळ काय असते, हे महाराष्ट्रात सांगलीने दाखविले आहे. तेथील नूतन बुद्धिबळ मंडळ भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये स्थापन केले आणि तेथे स्पर्धांची परंपरा रुजली. राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळविणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे व स्वाती घाटे या सांगलीच्याच होत. पिंपळे गुरवसारख्या उपनगरात विजेते घडतील की नाही हा पुढचा प्रश्न आहे. पहिल्या वर्षी सर्वांत शेवटी राहिलेला खेळाडू दुसऱ्या वर्षी पुन्हा नाव नोंदवितो काय, ही तेथील संयोजनाची पहिली कसोटी मानावी लागेल. त्यासाठी संयोजकांनी विजेत्यांच्या यादीबरोबरच पुन्हा आलेल्यांची नोंदही वर्षानुवर्षे जपून ठेवणे अगत्याचे आहे.