स्टँडर्ड की आयटमाइज्ड? आधी बघा, तुम्हाला निवड आहे का!

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं, किंवा ज्यांनी बसमध्ये अर्धाच भाग ऐकला, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. आजचा भाग अमेरिकेत शिकणाऱ्या आणि नव्याने नोकरीला लागलेल्या श्रोत्यांसाठी आहे. तुमची बहीण, भाऊ, रूममेट तिकडे असेल तर त्यांना लिंक पाठवा.

फेब्रुवारी उजाडला की मला हमखास एक प्रश्न येतो. "टॅक्स सॉफ्टवेअर विचारतंय, स्टँडर्ड डिडक्शन की आयटमाइज्ड? काय दाबू?"

छोटं उत्तर सोपं आहे: ज्याचा आकडा मोठा, ते घ्या. पण त्याच्या आधीचा प्रश्न सॉफ्टवेअर नीट विचारत नाही. तो म्हणजे, निवडायचा हक्क तुम्हाला आहे का? आपल्या मुलामुलींचे खरे पैसे इथे अडकतात.

आधी शब्द समजून घेऊ

डिडक्शन म्हणजे वजावट. तुमच्या उत्पन्नातून एक रक्कम वजा होते आणि उरलेल्यावर टॅक्स लागतो. म्हणजे १,००० डॉलरची वजावट मिळाली म्हणून १,००० डॉलर वाचले असं नाही. तुम्ही १२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १२० वाचले, २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर २२०.

स्टँडर्ड डिडक्शन ही सरकारने ठरवून दिलेली ठोक रक्कम. पावत्या नाहीत, हिशेब नाही. २०२५ सालासाठी एकट्या माणसाला १५,७५० डॉलर आणि नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर ३१,५०० डॉलर. आयटमाइज्ड म्हणजे खर्च एकेक करून मोजायचे आणि 'शेड्यूल ए' या फॉर्मवर लिहायचे.

भारतातून गेलेल्यांचा इथे एक घोळ होतो. आपल्याकडे जुन्या टॅक्स रिजीममध्ये पगारदाराला ५०,००० रुपयांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, आणि वर ८०सी, ८०डी सुद्धा. तिकडे तसं नाही. हे किंवा ते. दोन्ही नाही.

आयटमाइज्डमध्ये काय बसतं?

मुख्य चार गोष्टी. घराच्या कर्जावरचं व्याज. राज्याचा आणि स्थानिक कर, म्हणजे राज्याचा इन्कम टॅक्स आणि घरपट्टी. याला तिकडे 'सॉल्ट' म्हणतात. देणग्या. आणि वैद्यकीय खर्च, पण तुमच्या उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या वरचा तेवढाच. ८०,००० डॉलर कमावत असाल तर पहिले ६,००० धरायचेच नाहीत.

घरभाडं यात नाही. एचआरएसारखं काही शोधत बसू नका, फेडरल टॅक्समध्ये ते नाहीच.

देणगीचंही नीट ऐका. ती अमेरिकेत मान्यता असलेल्या संस्थेला हवी. गावातल्या शाळेला थेट पाठवलेले पैसे, ८०जी ची पावती, हे तिकडे चालत नाही. तुमच्या शहरातलं महाराष्ट्र मंडळ ५०१(सी)(३) म्हणून नोंदलेलं असेल तर त्याला दिलेली देणगी चालते. पण दिवाळीच्या कार्यक्रमाचं तिकीट म्हणजे देणगी नव्हे. जेवणाची आणि कार्यक्रमाची किंमत त्यातून वजा करावी लागते.

मग आयटमाइज्ड कोणाला परवडतं?

२०१७ साली एकट्या माणसाचं स्टँडर्ड डिडक्शन होतं ६,३५० डॉलर. २०१८ पासून ते एकदम १२,००० झालं. त्यामुळे आधी दहातले साधारण तीन लोक आयटमाइज करायचे, ते दहात एकावर आले. भाड्याने राहणाऱ्या तरुण माणसाचे खर्च मोजून १५,७५० च्या वर जाणं कठीणच.

घर घेतलेल्यांचं गणित वेगळं. समजा न्यू जर्सीतलं एक जोडपं आहे. कर्जाचं व्याज २१,००० डॉलर, घरपट्टी ११,०००, राज्याचा इन्कम टॅक्स ७,०००, देणगी १,०००. एकूण ४०,०००. स्टँडर्डपेक्षा ८,५०० जास्त. ते २२ टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर १,८७० डॉलर वाचले.

हे २०२५ मध्ये जमलं कारण 'सॉल्ट'ची मर्यादा १०,००० वरून ४०,००० डॉलर झाली (५ लाख डॉलरच्या वर उत्पन्न असेल तर ती कमी होत जाते). जुनी मर्यादा असती तर घरपट्टी आणि राज्याचा टॅक्स मिळून १८,००० असूनही १०,००० च धरले गेले असते. एकूण ३२,०००, म्हणजे फायदा फक्त ५०० च्या वजावटीचा. म्हणून "घर घे, टॅक्स वाचतो" असं कोणी सांगितलं तर बेरीज करून बघा. राज्य कोणतं, व्याज किती, यावर सगळं आहे.

नवरा-बायको वेगवेगळे रिटर्न भरत असाल तर एक नियम पाठ करा: एकाने आयटमाइज केलं तर दुसऱ्याला स्टँडर्ड घेता येत नाही. आधी घरात बोला, मग बटण दाबा.

आता मुख्य मुद्दा: तुम्ही कोण?

टॅक्सच्या भाषेत तुम्ही रेसिडेंट आहात की नॉन-रेसिडेंट, हे व्हिसाच्या नावावरून नाही, तर मुख्यतः दिवसांच्या मोजणीवरून ठरतं. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे दिवस पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजलेच जात नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये पोहोचला असाल तरी २०२१ हे एक पूर्ण वर्ष धरलं जातं. म्हणजे बहुतेक एमएसवाले नॉन-रेसिडेंट. त्यांचा फॉर्म १०४० नाही, १०४०-एनआर.

आणि नॉन-रेसिडेंटला साधारणपणे स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. आयटमाइज्डमध्येही त्याला थोडंच बसवता येतं: राज्याचा इन्कम टॅक्स, अमेरिकन संस्थांना दिलेली देणगी, असं. घराचं व्याज नाही.

पण भारतीय विद्यार्थ्यांसाठी एक दार उघडं आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ साली टॅक्सचा करार झाला. त्याच्या कलम २१(२) प्रमाणे भारतीय विद्यार्थी आणि बिझनेस अप्रेंटिस यांना नॉन-रेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. शेजारच्या डेस्कवरच्या चिनी किंवा ब्राझिलियन मित्राला ही सोय नाही. म्हणून "माझ्या रूममेटने असं भरलं" हे ऐकून भरू नका.

फरक किती? समजा टीचिंग असिस्टंटशिपचे वर्षाला १८,००० डॉलर मिळाले आणि राज्याचा टॅक्स ३०० कापला गेला. फक्त ते ३०० वजा केले तर फेडरल टॅक्स येतो सुमारे १,८८५ डॉलर. कराराचं स्टँडर्ड डिडक्शन घेतलं तर टॅक्स लागतो फक्त २,२५० वर, म्हणजे २२५ डॉलर. जवळजवळ १,६६० डॉलरचा फरक. रुपयात दीड लाखाच्या घरात. कर्ज काढून शिकणाऱ्यासाठी हे काही महिन्यांचं भाडं आहे.

याउलट, पुण्याहून थेट एच-१बी वर सप्टेंबरमध्ये पोहोचलेल्या इंजिनिअरचं बघा. डिसेंबरपर्यंत १८३ दिवस भरत नाहीत, म्हणून त्या वर्षी तो सहसा नॉन-रेसिडेंट. तो विद्यार्थी नाही, म्हणून कलम २१(२) सुद्धा नाही. त्याला आयटमाइज्डच. टेक्सासमध्ये असेल तर राज्याचा इन्कम टॅक्सही नाही, म्हणजे वजा करायला जवळपास काहीच नाही. पहिल्या वर्षी टॅक्स जास्त कापला गेला तर दचकू नका, आधीच बाजूला पैसे ठेवा.

तर करायचं काय?

एक, आधी रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट ते ठरवा. दोन, नॉन-रेसिडेंट विद्यार्थी असाल तर १०४०-एनआर भरणारं सॉफ्टवेअर वापरा. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांची इंटरनॅशनल ऑफिसं ते मोफत देतात. डिडक्शनच्या रकान्याजवळ भारत-अमेरिका कराराचा उल्लेख आला आहे ना, ते तपासा. तीन, रेसिडेंट असाल तर चार खर्चांची बेरीज करा आणि स्टँडर्डशी ताडून बघा. चार, मागच्या वर्षी हे डिडक्शन राहून गेलं असेल तर १०४०-एक्स भरून दुरुस्ती करता येते, साधारण तीन वर्षांपर्यंत.

राज्याचं रिटर्न वेगळं असतं. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं हा करार मानत नाहीत, तेव्हा तिथे पुन्हा वेगळं बघावं लागेल.

१५ एप्रिल ही शेवटची तारीख. दोन आठवडे आधी बसा, रात्री बारा वाजता नको. आणखी प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत, काळजी घ्या!