बुजवलेली भेग परत का उघडते?

दाराभोवती सिमेंटची नक्षीची पट्टी आपण किती हौसेनं करून घेतो! कुणी वेलबुट्टी काढून घेतं, कुणी वर कमळ. आणि वर्षभरात त्या पट्टीला भेग जाते. आमच्या गटातल्या एका ताईंनी ती भेग तीन दिवाळ्या पांढऱ्या पुट्टीनं बुजवली. तिन्ही वेळा होळीला भेग जागच्या जागी हजर. चौथ्या वर्षी कमळाची एक पाकळीच सुटून उंबऱ्यावर पडली. त्याच जागी त्यांचा नातू रोज खेळत बसतो. नशीब, तेव्हा तो शाळेत होता.

आम्ही जाऊन भेग नीट पाहिली. ती लाकडी चौकटीच्या कडेनं सरळ खाली उतरली होती. लाकूड पावसाळ्यात ओल धरून फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंटचा गिलावा तसा हलत नाही. दोन्ही एकमेकांना चिकटवले की जोडावर ताण येतो आणि गिलावा तडकतो. दिवाळीला लाकडात अजून ओल असते, तेव्हा पुट्टी छान बसते. होळीपर्यंत लाकूड सुकून मागे सरतं. यात गवंड्याचा हात वाईट नव्हता की पुट्टी खोटी नव्हती.

अशी भेग बुजवायचीच नाही. चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये अर्ध्या सेंटिमीटरची सरळ खाच मोकळी ठेवायची आणि तिच्यावर लाकडाची बारीक पट्टी झाकण म्हणून ठोकायची. पण खिळे फक्त चौकटीत! सुतार सवयीनं भिंतीतही ठोकतो, मग पट्टी ओढली जाते आणि पुन्हा तेच. तिथं उभं राहून सांगा.

भेग दारावरच्या काँक्रीटच्या कडेनं आडवी गेली असेल, तर गोष्ट वेगळी. काँक्रीट आणि वीट उन्हानं सारखी तापत नाहीत, सारखी हलत नाहीत. तिथं भेगेच्या दोन्ही बाजूंचा वीतभर गिलावा विटेपर्यंत काढायचा. धूळ झाडून भिंत भिजवायची. खुराड्याला लावतो तसली तारेची जाळी दोन्हींवर ताणून खिळ्यांनी पक्की करायची. मग एक घमेलं सिमेंटला चार घमेली चाळलेली वाळू घेऊन गिलावा करायचा. पुढं निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. हे पाणी मारणं आपल्याच गळ्यात पडतं, आणि घाईत तेच राहतं.

भिंतीला ओल असेल तर आधी छपराची गळती थांबवा. बाहेरच्या बाजूला पीओपीची नक्षी करूच नका, ती पाण्यानं मऊ पडते.

भेग वाढते आहे का, हे पेन्सिलीनं कळतं. तिच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारून तारीख लिहा. भेग रेघेपुढं सरकत राहिली, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाऊन भिंतीच्या दोन्ही अंगांना दिसली, तर तो गिलाव्याचा दोष समजू नका. पाया खचत असेल. जाणत्या इंजिनिअरला दाखवा, तोवर पैसे रंगावर घालू नका.

आणि आजच करायचं काम म्हणजे लाटणं घेऊन नक्षीवर हलकेच ठोका. आवाज टणक आला तर ठीक. बद्द आला तर तो तुकडा भिंतीपासून सुटला आहे. ताईंच्या कमळाच्या आणखी दोन पाकळ्या बद्द वाजल्या. त्या आम्ही त्याच दुपारी उतरवल्या.