बाबांना भूक का नसते?

सुट्टीचा प्लॅन म्हणजे फक्त तिकिटं आणि राइड्स नव्हे. घरातली सहा माणसं दुपारी कधी, कुठे आणि काय जेवणार, हे ठरलं नाही तर ट्रिपची वाट लागते. हे मी स्वानुभवावरून सांगतेय!

परीक्षा संपली रे संपली की आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज पडतो, 'यंदा कुठे?' त्याखाली सगळे अंगठे दाखवतात आणि दोन दिवसांनी आई म्हणते, "तूच बघ गं काय ते. तुला मोबाइलमधलं कळतं." तुमच्याकडेही असंच होतं ना? घरातल्या कॉलेजवाल्या पोराला किंवा पोरीला पगार नसलेली ही नोकरी आपोआप लागते. पद : टूर मॅनेजर.

गेल्या वर्षी मी ती नोकरी फार मनावर घेतली. एक दिवसाची थीम पार्कची ट्रिप. आजी, आई, बाबा, मी, अकरावीतला भाऊ आणि सहा वर्षांची आत्तेबहीण चिऊ. पार्कचं नाव सांगत नाही, कारण घोळ माझा होता. मी रील्स बघून चौदा राइड्सचा क्रम लावला होता. कुठली रांग कधी कमी, कुठे फोटो भारी येतो, सगळं लिहून काढलं होतं. त्या यादीत जेवण नव्हतं. 'तिथे फूड कोर्ट आहे की' एवढंच माझं नियोजन.

बरोबर एक वाजता आम्ही फूड कोर्टात पोचलो. म्हणजे पार्कातली बाकी सगळी माणसं पोचली तेव्हाच! कूपनची रांग वेगळी, जेवणाची वेगळी, बसायला टेबल नाही. चाळीस मिनिटं गेली. आजीला डायबेटिस आहे. तिनं सकाळी साडेसातला गोळी घेतली होती आणि प्रवासात उलटी नको म्हणून जेमतेम दोन घास खाल्ले होते. पावणेदोनच्या सुमाराला तिचे हात थरथरायला लागले, घाम फुटला आणि ती मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारायला लागली. शेजारच्या टेबलावरच्या एका मुलानं आपला मँगो ज्यूस पुढे केला, "आजींना आधी हे द्या." दहा-पंधरा मिनिटांनी आजी भानावर आली. तो मुलगा आमच्याच वयाचा. त्याचं नाव विचारायचंही राहून गेलं.

घरी आल्यावर आजी मला एका शब्दानंही बोलली नाही. पण यंदा मेसेज पडला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जा बाई. माझ्यापायी तुमचा खोळंबा नको." ती ओरडली असती तर परवडलं असतं.

पार्कातलं खाणं एवढं महाग का?

या वेळी ठरवलं, प्लॅनिंगची सुरुवात जेवणापासून करायची. तेव्हा लक्षात आलं की थीम पार्कातलं जेवण हा एक वेगळाच विषय आहे.

बाबांच्या पिढीला पार्क म्हटलं की १९८९ साली गोराईत सुरू झालेलं एस्सेल वर्ल्ड आठवतं. आपल्या पिढीला २०१३ साली खोपोलीजवळ सुरू झालेलं इमॅजिका. पण या सगळ्यांचा आजोबा म्हणजे कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड, १९५५ सालचं. तिथे जेवण हासुद्धा खेळाचाच भाग केला गेला. 'ब्लू बायू' नावाचं तिथलं रेस्टॉरंट १९६७ साली 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या राइडबरोबरच आणि तिच्या आतच उघडलं. तुम्ही टेबलावर जेवताय आणि समोरच्या पाण्यातून राइडच्या होड्या चालल्यात! फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तर काही रेस्टॉरंटांत मिकी माउस स्वतः टेबलापाशी येतो. अशा ठिकाणी माणूस नुसत्या पोटासाठी पैसे देत नाही, तिथल्या माहोलासाठी देतो.

दुसरं कारण साधं आहे. गेटच्या आत गेलं की बाजारच संपतो. बाहेर एका टपरीवर चहा महाग वाटला तर आपण पुढच्या टपरीवर जातो. आत ती सोय नाही, त्यात बाहेरचे पदार्थ न्यायला बंदी. गंमत म्हणजे वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःपुरतं खाणं आत नेता येतं, काचेची भांडी आणि दारू तेवढी चालत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या पार्कांत मात्र डबा गेटवरच अडतो.

हे कायद्यात बसतं का? थिएटरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की जागा मालकाची आहे, त्यामुळे बाहेरचं खाणं आणू न देण्याचा नियम तो करू शकतो. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत मिळायला हवं आणि लहान बाळांसाठी पालकांना खाणं नेता यावं, हेही त्यात आलं. हा निकाल थिएटरांचा आहे, पण पार्कवाल्यांचा मुद्दाही हाच असतो. त्यामुळे गेटवर भांडण्यात अर्थ नाही. 'मोफत पाणी कुठे आहे' हे मात्र हक्कानं विचारायचं. गेल्या वर्षी आम्ही चाळीस रुपयांच्या आठ बाटल्या घेतल्या होत्या. पाण्याचा नळ फूड कोर्टाच्या मागेच होता!

कालनिर्णय आणि एक्सेल शीट

तारीख ठरवायला बसलो. शनिवार-रविवार गर्दीमुळे बाद. सोमवारी बाबांचा उपास. बुधवारी संकष्टी, म्हणजे आजीचा. गुरुवारी आईचा. "पार्कात साबुदाण्याची खिचडी मिळत नसते," भाऊ म्हणाला. मंगळवार पक्का झाला.

मग मी गेल्या वर्षीचा हिशोब काढला. जेवण २,६४०, पाणी ३२०, आइस्क्रीम आणि वडापाव ५४०. एकूण ३,५००. एवढे पैसे घालवूनही कोणी धड जेवलं नव्हतं. चिऊनं फक्त फ्राइज खाल्ल्या. भाऊ पनीर मसाला हाणून लगेच रोलर कोस्टरमध्ये बसला, त्याचं पुढे काय झालं ते छापण्यासारखं नाही. आणि बाबा मेन्यू बोर्डाकडे बघून म्हणाले होते, "मला भूक नाहीये. तुम्ही घ्या."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. हॉटेलात, स्टेशनवर, मॉलमध्ये. लहानपणी मला खरंच वाटायचं की बाबांना भूक कमी लागते. शीटमध्ये आकडे भरताना पहिल्यांदा डोक्यात आलं, बाबांची भूक आणि मेन्यूचे दर यांचा काहीतरी संबंध आहे.

आता पर्याय दोन होते. फूड कोर्टात हवं ते घ्यायचं किंवा बुफेची कूपनं आधीच काढायची. बुफे माणशी ४५०, चिऊला २५०. आई म्हणाली, "आजी एक पोळी खाणार, तिच्यासाठी साडेचारशे?" मुद्दा बरोबर होता. पण बुफेत ऑर्डर दिल्यावर वाट बघायची नसते, ताट घेतलं की वाढून घ्यायचं. आजीसाठी आम्ही पोळीचे पैसे देत नव्हतो, वेळेचे देत होतो. शिवाय चिऊला नुसता वरण-भात मिळणार होता. सहा जणांचे २,५०० आधीच भरले आणि वरखर्चाला ६०० ठेवले. म्हणजे ३,१००. वाचले फक्त चारशे. पण पैसे वाचवणं हा मुद्दाच नव्हता.

एक फोन कराच

वेबसाइटवर सगळं मिळतं हा आपल्या पिढीचा गोड गैरसमज आहे. मी पार्कला फोन लावला आणि दहा मिनिटांत वेबसाइटवर नसलेल्या चार गोष्टी कळल्या. बुफे बाराला उघडतो आणि साडेबारापर्यंत रांग नसते. व्हेज काउंटर वेगळं आहे. हातावर शिक्का मारून गाडीपर्यंत जाऊन परत येता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "पेशंट असेल तर थोडं खाणं चालतं मॅडम, प्रिस्क्रिप्शन ठेवा."

आजीच्या डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी सांगितलेलं प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं आहे. डायबेटिसच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचं जेवण लांबलं की साखर एकदम खाली येऊ शकते. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी, म्हणजे पाण्यात तीन चमचे साखर किंवा अर्धा कप फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायचं. चॉकलेटवर विसंबू नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा उतरते. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट मदत बोलवायची.

हे सगळं कागदावर लिहून मी आजीसमोर ठेवलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं. "बाराला म्हणजे बाराला जेवण?" तिनं विचारलं. "बाराला," मी म्हणाले. तिनं कपाटातून प्रवासाची पिशवी काढली.

निघण्याआधी हे बघा

* घरातल्या प्रत्येकाचं 'काय चालत नाही' आधी लिहा : उपास, जैन, शेंगदाण्याची अॅलर्जी, तिखट. रेस्टॉरंट त्यावरून निवडा, फोटोवरून नाही.
* पार्कचा नकाशा उघडा. जेवणाची जागा दुपारच्या राइडजवळची हवी. मे महिन्याच्या उन्हात पंधरा मिनिटांची पायपीट ज्येष्ठांना झेपत नाही.
* जेवण बाराला किंवा अडीचनंतर. एक ते दोन ही वेळ राइड्सना द्या, तेव्हा त्यांच्या रांगा ओसरतात.
* जेवल्यावर तासभर शो, टॉय ट्रेन, सावलीतला बाक. गरगर फिरणारं काही नको.
* बिल नीट वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तो काढायला सांगता येतो.
* बजेट घरीच, सगळ्यांसमोर ठरवा. काउंटरपाशी उभं राहून नाही.

आणि मग मंगळवार

सकाळी पार्किंगमध्ये मामाच्या अर्टिगाची डिकी उघडून थालीपीठ आणि दही खाल्लं. गेटवर पिशवी तपासली. प्रिस्क्रिप्शन बघून गार्डदादांनी ग्लुकोमीटर, ज्यूस आणि बिस्किटं जाऊ दिली. पण पिशवीच्या तळाशी आजीनं आम्हाला न सांगता चकल्यांचा पुडा लपवला होता. "ही पण औषधाची?" त्यांनी विचारलं. आजी म्हणाली, "नातवाची." चकल्या परत गाडीत गेल्या.

बाराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही बुफेच्या दारात होतो. आत निम्मी टेबलं रिकामी. आजीची साखर तपासली, ठीक होती. तिनं एक पोळी, वरण, थोडी भाजी घेतली. तेवढंच, आईच्या अंदाजाप्रमाणे. चिऊनं दोन वेळा भात घेतला. दुपारी आजी टॉय ट्रेनमध्ये बसली, तेही पुढच्या डब्यात. संध्याकाळी सहाशेतले चाळीस रुपये उरले होते, ते मी बाबांना परत दिले. टूर मॅनेजरची इज्जत वाचली.

पण मला लक्षात राहिलंय ते जेवणाचं टेबल. बाबा पहिल्यांदा उठले, पुलाव घेऊन आले. दुसऱ्यांदा उठले, पनीर घेऊन आले. तिसऱ्यांदा वाटीत तीन गुलाबजाम घेऊन आले, तेव्हा भाऊ माझ्याकडे बघून हसला.

"काय बाबा, आज भूक लागली वाटतं?"

बाबा गुलाबजाम फोडत म्हणाले, "पैसे आधीच भरलेत ना!"