कारागिराची कदर आणि कापडाचा दर्जा

यंत्रमागाच्या धंद्यात एक तक्रार सतत कानावर येते : कारागीर टिकत नाही. ईदला किंवा छठपूजेला गावी गेला की परत येईलच असा भरवसा नाही. आला तरी शेजारच्या कारखान्यात उभा राहतो. मग मालक दराचा हिशेब मांडतो, पेशगी वाढवतो. दर महत्त्वाचाच आहे. पण शेजारचा कारखानदारही तोच दर देत असेल, तर माणूस गेला का? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच चेकिंगच्या टेबलावर सापडते.

तागा उलगडतो. तुटलेली तार, पट्टी किंवा तेलाचा डाग दिसला की कारागिराला हाक जाते, चार शब्द ऐकवले जातात, मजुरी कापली जाते. तागा स्वच्छ निघाला तर? घडी पडते आणि तो गाठीत जातो. कोणी काही बोलत नाही. ज्याला वर्षानुवर्षे मालकाची हाक फक्त डागासाठी आली, त्याला ती हाकच अपमान वाटू लागते.

काही बांधव म्हणतील, मजुरी मीटरवर आहे, विणेल तितके मिळेल, शाबासकी कशाला? इथेच गफलत होते. मीटर लांबी मोजतो, लक्ष मोजत नाही. उलट मीटरची मजुरी कारागिराला घाईकडे ढकलते. माग थांबवून तुटलेली तार जोडायची म्हणजे स्वतःच्या मजुरीतले थोडे सोडायचे. आपल्या हातच्या कामाची कोणाला तरी किंमत आहे असे वाटले, तरच माणूस ते सोडतो. कांडी भरणाऱ्या बाया, घडीवाला आणि जॉबर यांचे काम तर मीटरवर दिसतच नाही. जॉबर हुशार असला की माग बिघडत नाहीत, आणि न बिघडलेल्या मागाबद्दल कोणी त्याची आठवण काढत नाही.

हे नुसते मनाचे समाधान नव्हे. अमेरिकेत एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या जमवणाऱ्या कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. काहींना त्यांच्या अधिकारी बाईंनी समक्ष येऊन मनापासून धन्यवाद दिले. त्यांनी केलेल्या फोनांची संख्या पुढच्या आठवड्यात निम्म्याहून जास्त वाढली. त्यांचा पगार ठरलेला होता, जास्त फोन केल्याने एक पैसाही वाढणार नव्हता. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात गटातील फक्त सर्वांत चांगल्या तिघांचे कौतुक केले, तर बाकीच्यांचेच काम जास्त सुधारले. मात्र ते काम काही तासांचे होते. आपल्याकडे माणसे वर्षानुवर्षे शेजारी शेजारी मागावर उभी असतात. तिथे दर वेळी त्याच तिघांची नावे घेतली तर जळफळाट होईल, असे माझे मत आहे.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही ह. मुहम्मद (स.) यांची ताकीद आपल्याला पाठ आहे. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचाही शुक्रगुजार होत नाही, या अर्थाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. ती मात्र कारखान्याच्या दाराबाहेरच राहते. या दोहोंचा क्रम मात्र उलटा करू नये. मजुरी थकवून पाठ थोपटणाऱ्या शेठला कारागीर बरोबर ओळखतो. दरवाढ मागितली की गोड बोलणे, ही कदर नाही, टोलवाटोलवी आहे.

‘शाबास’ हा शब्द फारसीतल्या ‘शाद बाश’वरून आला, म्हणजे खुश राहा. पण मागांच्या खडखडाटात तो ऐकूच जात नाही. म्हणून पाळी बदलताना किंवा मजुरी वाटताना, नाव घेऊन बोलावे. वयस्कर असेल तर ‘चाचा’ म्हणावे. कारागीर आझमगडचा असो की तेलुगू बोलणारा पद्मशाली, ‘ए बारा नंबर’ ही हाक कोणालाच आवडत नाही. आणि मोघम बोलू नये. ‘छान काम करता’ हे सगळेच म्हणतात. ‘परवाच्या बीमला तार फार तुटत होती, तरी तागा साफ निघाला’ असे म्हटले, की मालकाने खरेच पाहिले आहे हे त्याला कळते. खोटी तारीफ तर करूच नये, कारण आपण काय विणले हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

व्यापारी म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. माल प्रोसेसला गेला आणि तिथून ‘या लॉटमध्ये खराबी नाही’ असा निरोप आला, की ती वाहवा गादीवरच अडकते. आम्ही ती कारखानदाराला सांगतो, तो चहा मागवतो, विषय संपतो. ताग्याच्या टोकाला मागाचा नंबर टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यावरून विणणारा कोण हे लगेच कळते. आजवर तो नंबर फक्त कटौतीसाठी शोधला गेला आहे.