दुरुस्तीपूर्वीचे काम

(शब्बाथ सुटल्यानंतर सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



कोकणातील एका गावाहून आपल्या मंडळाकडे पत्र आले आहे, हे आपण जाणताच. तेथील मशिदीचे छप्पर गळते, साहाय्य हवे आहे. (आपले वाडवडील प्रार्थनालयास मशीदच म्हणत, तो शब्द मी मुद्दाम ठेवतो.) वर्गणी करावी की नाही, याविषयी मला शंका नाही, ती करावीच. परंतु पैसा पाठविण्यापूर्वी काय करावे, यासंबंधी बोलावयाचे आहे, कारण एकदा माझ्या हातून चूक झाली आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या जन्मगावच्या मशिदीसाठी आम्ही चार-पाच कुटुंबांनी रक्कम जमविली. तेथे चुन्याचा जुना गिलावा झोडून काढण्यात आला, सिमेंटचा चढविला गेला आणि जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स बसल्या. छायाचित्रे आली तेव्हा आम्ही पेढे वाटले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी स्वतः गेलो. हेखालच्या मागील भिंतीवर छातीइतक्या उंचीपर्यंत ओल चढली होती. बोट लावताच पांढरी भुकटी गळत होती. कारागिरांना मी दोष देत नाही. ‘चांगले करा’ याहून अधिक आम्ही त्यांना काही सांगितलेच नव्हते.

हे का झाले? जुन्या दगडी भिंतींच्या पायात ओल अडविणारा थर नसतो. जमिनीतील पाणी भिंतीत चढते आणि चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन निघून जाते. सिमेंट ही वाट बंद करते. मग पाणी आणखी वर चढते, आपल्याबरोबर क्षार नेते, आणि जेथे ते सुकते तेथे क्षारांचे स्फटिक होऊन गिलावा व दगडही फुटू लागतो. खालून टाइल्सने जमीन झाकली की सारा भार भिंतींवर. म्हणजे जे आम्ही सुधारणा म्हणून केले, तेच रोगाचे कारण ठरले.

म्हणून प्रथम वास्तूचा अभ्यास. प्रारंभ दारावरील शिलालेखापासून करावा. त्यावर हिब्रू वर्ष असेल तर त्यातून ३७६० वजा करावेत. तिश्रीपासून डिसेंबरअखेरची तिथी असल्यास ३७६१. कधी वर्ष अंकांत नसून पासुकातील काही अक्षरांवर खुणा करून दिलेले असते. त्या अक्षरांच्या मूल्यांची बेरीज करावी लागते. मराठी लेखात शक असेल तर ७८ मिळवावेत. त्यानंतर १८८३ चे कुलाबा गॅझेटियर पाहावे आणि हाईम सॅम्युएल केहिमकरांचा बेने इस्राएलांचा इतिहास. हा ग्रंथ १८९७ साली लिहून झाला, पण छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. मुकादम व चौगुले यांच्या हिशेबवह्या सापडल्या तर दुधात साखर: चुना कोठून आला, सागवान कितीला पडले, छप्पर केव्हा बदलले, हे त्यांतच कळते.

अभ्यासाने काय साधते, याचे उदाहरण मुंबईत फोर्ट भागात आहे. जेकब ससून यांनी १८८४ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेले केनेसेथ एलियाहू आपल्यापैकी अनेकांना ठळक निळ्या रंगाचेच आठवते. जीर्णोद्धाराच्या वेळी रंगाचे थर खरवडून जुन्या छटांचा शोध घेण्यात आला. २०१९ साली ते पुन्हा उघडले तेव्हा निळी इमारत फिकट झाली होती, कडा तेवढ्या गडद निळ्या. काहींना ते रुचले नाही. मलाही क्षणभर परके वाटले, हे कबूल करतो. त्याच वर्षी त्या कामास युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण दुःखद आहे. कोचीच्या मट्टांचेरीतील कडवुंभागम सिनेगॉगचे कोरीव लाकडी अंतरंग आज जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये सुरक्षित आहे. मागे उरलेल्या रित्या इमारतीची दर्शनी भिंत २०१९ च्या पावसात कोसळली. समाज निघून गेला की छप्पर पाहणारा कोणी राहत नाही.

आता योजना. पहिला खर्च छपरावर व पाण्याच्या निचऱ्यावर: कौले, पन्हळी, वाळवी लागलेले वासे. भिंतींना हात त्यानंतर, आणि तोही चुन्यानेच. रंग सर्वांत शेवटी. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी त्याहूनही शेवटी. तेथे मिनियान जमत नसेल, तर किल्ली कोणाकडे राहील आणि दर ज्येष्ठात कौले कोण चाळेल, हे आधी लिहून घ्यावे. कायद्याचीही एक बाजू आहे. येथील परदेशी नागरिकांनी पाठविलेली रक्कम भारतात विदेशी अंशदान ठरते. २०१० च्या कायद्यानुसार त्या न्यासाची तशी नोंदणी अथवा पूर्वपरवानगी हवी. ती नसता पैसे धाडले तर अडचणीत येतील ते बिचारे विश्वस्त.

तूर्त आपल्याकडून एक गोष्ट हवी आहे. त्या मशिदीत ज्यांची वा ज्यांच्या आईवडिलांची लग्ने झाली, त्यांनी जुने आल्बम काढावेत. नवरानवरीच्या मागे हेखालची दारे, टांगलेले दिवे, तेबाचा कठडा, छताच्या फळ्या दिसतात. त्या काळची अशी दुसरी नोंद मिळणे कठीण. छायाचित्राच्या पाठीवर वर्ष लिहावे आणि पुढील शब्बाथनंतर माझ्याकडे आणून द्यावे. मी प्रत काढून मूळ प्रत त्याच दिवशी परत करीन.