विश्लेषण : तांबेऱ्याला दाद न देणारा गहू काही वर्षांतच बळी का पडतो?

बियाण्याच्या पिशवीवर ‘तांबेरा रोगास प्रतिकारक्षम’ अशी ओळ असली की शेतकरी निर्धास्त होतो. पहिली काही वर्षे ती ओळ खरीही ठरते. मग एखाद्या हंगामात त्याच वाणाच्या पानांवर गंजासारखी भुकटी दिसू लागते. अशा वेळी बियाणे भेसळीचे होते, असा संशय घेतला जातो. पण अनेकदा बियाणे तेच असते, बदललेली असते ती बुरशी. तांबेऱ्याच्या बुरशीत जनुकीय वैविध्य कुठून येते आणि गव्हाच्या पिकाशी त्याचा संबंध काय, याविषयी…

तांबेरा म्हणजे नेमके काय?

तांबेरा, म्हणजेच गेरवा, हा ‘पक्सिनिया’ गटातील बुरशींमुळे होणारा रोग. गव्हावर त्याचे तीन प्रकार येतात. काळा तांबेरा मुख्यतः खोडावर येतो, तपकिरी (नारिंगी) तांबेरा पानांवर, तर पिवळा तांबेरा पानांवर पट्ट्यांच्या रूपात दिसतो. पिवळ्याला थंडी मानवते, काळ्याला ऊब लागते. त्यामुळे पंजाब-हरियाणात पिवळ्याची, तर महाराष्ट्र आणि मध्य भारतात काळ्या व तपकिरी तांबेऱ्याची चिंता अधिक. ही बुरशी जिवंत झाडावरच वाढते. पानावरच्या एका फोडात हजारो बीजाणू तयार होतात, वाऱ्याबरोबर दूर जातात आणि हवामान अनुकूल असेल तर साधारण दोन आठवड्यांत पुढची पिढी तयार होते. एका हंगामात अशा कित्येक पिढ्या होतात.

बुरशीचे ‘वंश’ कसे ओळखतात?

सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या तांबेऱ्याचे सगळे बीजाणू सारखेच दिसतात. पण एक वंश एका वाणावर वाढतो, दुसऱ्यावर नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ ई. सी. स्टॅकमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे दाखवून दिले. वंश ओळखण्यासाठी त्यांनी १२ वाणांचा संच ठरवला. रोपांवर बुरशी सोडायची आणि कोणते वाण बळी पडते, कोणते टिकते याची नोंद करायची, अशी ही पद्धत. या संचातील एका वाणाचे नाव होते ‘खपली’. महाराष्ट्रात लापशी आणि पुरणपोळीसाठी नावाजला जाणारा खपली गहू याच जातकुळीतला.

पुढे एच. एच. फ्लोर यांनी जवस आणि त्यावरील तांबेऱ्याचा अभ्यास करून ‘जनुकास जनुक’ हा सिद्धान्त मांडला. पिकातील प्रत्येक प्रतिकारक जनुकाच्या जोडीला बुरशीत एक जनुक असते. बुरशीच्या जनुकाने तयार केलेले प्रथिन पिकाने ओळखले, तर पीक बाधित पेशी मारून टाकते आणि रोग तिथेच थांबतो. पण बुरशीच्या त्या जनुकात बदल झाला तर पिकाला शत्रूची ओळखच पटत नाही. वाणाची ताकद कमी होत नाही, पण त्याचे कुलूप उघडणारी किल्ली बुरशीला सापडलेली असते.

बुरशी स्वतःची नक्कल करते, मग वैविध्य कुठून येते?

गव्हावर वाढताना तांबेऱ्याची बुरशी जनुकांची सरमिसळ करत नाही, फक्त नकला काढते. तरीही नवे वंश येण्याच्या चार वाटा आहेत. पहिली उत्परिवर्तन. एका शेतात अब्जावधी बीजाणू तयार होतात, त्यातील एखाद्यात जनुकीय चूक होते. ती चूक प्रतिकारक वाणावर वाढायला उपयोगी पडली तर त्या एका बीजाणूची प्रजा फोफावते. दुसरी वाट स्थलांतराची. बीजाणू वाऱ्यावर समुद्र ओलांडतात, प्रवाशांच्या कपड्यांवरूनही जाऊ शकतात.

तिसरी वाट लैंगिक प्रजननाची, आणि त्यासाठी काळ्या तांबेऱ्याला दुसरे झाड लागते : बार्बेरी. आपल्याकडील दारुहळदीच्या कुळातील हे काटेरी झुडूप. बुरशीचे जीवनचक्र गहू आणि बार्बेरी अशा दोन झाडांवर पूर्ण होते, हे जर्मन शास्त्रज्ञ अँटोन द बारी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केले. बार्बेरीवर जनुकांचे पत्ते नव्याने पिसले जातात. म्हणूनच अमेरिकेने १९१८ पासून बार्बेरी उपटण्याची मोहीम चालवली आणि १० कोटींहून अधिक झुडपे नष्ट केली. त्यानंतर तिथे वंशांची संख्या घटली. पिवळ्या तांबेऱ्यालाही बार्बेरीचा आधार मिळतो, हे मात्र २०१० मध्ये उघड झाले. हिमालय आणि त्यालगतचा प्रदेश हे पिवळ्या तांबेऱ्याच्या वैविध्याचे मोठे केंद्र मानले जाते. युरोपात २०११ मध्ये पसरलेल्या ‘वॉरियर’ वंशाचे मूळही याच भागाकडे जाते.

चौथी वाट कोणती? ‘यूजी ९९’ त्यातून आला?

युगांडात १९९८ मध्ये काळ्या तांबेऱ्याचा एक नवा वंश सापडला. पुढच्या वर्षी त्याची ओळख पटली आणि ‘यूजी ९९’ हे नाव पडले. राय या धान्यातून गव्हात आणलेले ‘एसआर ३१’ हे जनुक जगभरातील वाणांत वापरले गेले होते आणि काही दशके ते अभेद्य राहिले होते. यूजी ९९ ने ते भेदले. हा वंश केनिया, इथिओपिया, सुदान, येमेन असे टप्पे घेत २००७ मध्ये इराणपर्यंत पोहोचला. वाटेत ‘एसआर २४’ आणि ‘एसआर ३६’ या जनुकांना हरवणारी त्याची भावंडेही निर्माण झाली. नोबेलविजेते नॉर्मन बोरलॉग यांनी २००५ मध्ये जगाला सावध केले ते याच वंशामुळे.

तो जन्मला कसा, याचे उत्तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मिळाले. तांबेऱ्याच्या बीजाणूत एक नव्हे, दोन स्वतंत्र केंद्रके असतात. यूजी ९९ चे एक केंद्रक १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथम आढळलेल्या, मूळ दक्षिण आफ्रिकेकडील एका जुन्या वंशाशी जुळले. म्हणजे दोन वेगवेगळ्या वंशांचे धागे एकाच झाडावर एकमेकांना भिडले आणि त्यांनी अख्ख्या केंद्रकाची अदलाबदल केली. यात ना लैंगिक प्रजनन, ना बार्बेरी. हीच ती चौथी वाट. बार्बेरी उपटली म्हणजे नवे वंश येणे थांबले, असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

भारतात ही बुरशी उन्हाळ्यात कुठे दडते?

मैदानात गहू कापला की बुरशीला जगायला हिरवे झाड उरत नाही. आग्रा येथील प्रा. करमचंद मेहता यांनी १९२० ते १९४० च्या दशकांत केलेल्या अभ्यासातून कोडे सुटले. भारतात दारुहळदीची या रोगाच्या दरवर्षीच्या प्रसारात विशेष भूमिका नाही. बुरशी हिमालय, निलगिरी व पळणी डोंगरांतील थंड भागात, तिथल्या गव्हावर उन्हाळा काढते आणि हंगामात वाऱ्यावरून मैदानात उतरते. पुढे एस. नागराजन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात होणारी चक्रीवादळे निलगिरीतील काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू मध्य भारतापर्यंत आणतात आणि पावसाबरोबर ते पिकावर उतरतात.

एकाच वाणावर भिस्त ठेवल्यास काय होते?

‘पीबीडब्ल्यू ३४३’ हे याचे ठळक उदाहरण. १९९० च्या दशकाच्या मध्यात पंजाब कृषी विद्यापीठातून आलेला हा वाण उत्पादनात सरस होता. त्यामुळे उत्तर भारतात लाखो हेक्टरवर तोच पेरला जाऊ लागला. पिवळ्या तांबेऱ्याविरुद्ध त्याच्याकडे ‘वायआर ९’ आणि ‘वायआर २७’ अशी दोन जनुके होती. १९९६ च्या सुमारास पहिले हरवणारा वंश आढळला, दुसऱ्याने गड राखला. २००१ मध्ये ‘७८एस८४’ हा वंश सापडला, त्याच्यासमोर दोन्ही निष्प्रभ ठरली. पुढच्या दशकात पिवळ्या तांबेऱ्याने उत्तरेत पुन्हा डोके वर काढले आणि या वाणाची सद्दी संपली. लाखो हेक्टरवर एकच कुलूप असेल, तर एक किल्ली पुरते.

महाराष्ट्राला धोका किती?

यूजी ९९ भारतात आतापर्यंत आढळलेला नाही. मात्र काळा आणि तपकिरी तांबेरा आपल्याकडे आहेच. उशिरा पेरलेल्या गव्हाला काळ्या तांबेऱ्याचा धोका अधिक, कारण उष्णता वाढू लागते तेव्हाही पीक हिरवेच असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र महाबळेश्वरला आहे. नवे वाण तांबेऱ्यासमोर किती टिकतात, हे तिथे तपासले जाते. निफाड येथील संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे ‘एमएसीएस’ मालिकेतील वाण राज्यात पेरले जातात.

उपाय काय?

एकाच जनुकावर विसंबण्याऐवजी एका वाणात अनेक जनुके आणणे, हा मुख्य उपाय. कारण दोन-तीन जनुकांना हरवणारे बदल एकाच बीजाणूत एकदम घडण्याची शक्यता फार कमी. दुसरा उपाय ‘एलआर ३४’ किंवा ‘एसआर २’ सारख्या जनुकांचा. ती रोग पूर्ण रोखत नाहीत, पण त्याचा वेग इतका मंदावतात की नुकसान आटोक्यात राहते, आणि ती अनेक दशके टिकून आहेत. यातले ‘एसआर २’ तर खपलीच्याच जातीतील गव्हातून आधुनिक वाणांत आले. तिसरा उपाय पाळतीचा. शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात देशभरातून आलेले रोगट नमुने तपासून वंशांची नोंद ठेवली जाते. भारतीय वाण केनियात यूजी ९९ समोरही पारखले जातात, म्हणजे तो येण्याआधीच तयारी व्हावी.

शेतकऱ्याच्या हाती काय उरते? वेळेवर पेरणी, जुन्या वाणाला चिकटून न राहता शिफारस बदलली की बियाणे बदलणे, आणि शक्य तिथे दोन-तीन वेगळे वाण पेरणे. गंजासारखी भुकटी बोटाला लागली तर प्रोपिकोनॅझोलसारख्या बुरशीनाशकाचा शिफारशीप्रमाणे वापर करता येतो. पण फवारणीबरोबर कृषी विभागाला कळवणेही तितकेच गरजेचे. नव्या वंशाची पहिली नोंद बहुतेक वेळा एखाद्या शेतातूनच मिळते. ती जितकी लवकर मिळेल, तितका पुढचा वाण तयार करायला वेळ मिळतो.