शाळेच्या कचेरीतील इंटरनेट-दूरध्वनी : मांडणी व दोषशोधन

मूळ रस्त्यास जेथे दुसरा रस्ता फुटतो, त्या ठिकाणास फाटा म्हणतात. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी परगावच्या प्रवाशास प्रथम हवा असतो तो वाट सांगणारा माणूस. कोणता रस्ता कोठे जातो हे त्यास ठाऊक असले म्हणजे प्रवासी चुकत नाही. दूरध्वनी केंद्राचे कार्य याच प्रकारचे आहे. कोणी कोणता क्रमांक फिरविला हे पाहून त्याची गाठ योग्य व्यक्तीशी घालून देणे, हे ते कार्य होय.

पूर्वी या कामासाठी मोठी यंत्रे लागत. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे लहान केंद्र तयार केले. वातानुकूलनाशिवाय चालणारे हे केंद्र १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे प्रथम बसविण्यात आले. आज तेच काम एका साध्या संगणकावर होऊ शकते. अमेरिकेतील मार्क स्पेन्सर या तरुणास आपल्या लहान व्यवसायासाठी दूरध्वनी केंद्र हवे होते, परंतु त्याची किंमत परवडत नव्हती. म्हणून १९९९ साली त्याने स्वतःच एक आज्ञावली लिहिली व ती सर्वांस खुली केली. तिचे नाव ॲस्टेरिस्क, म्हणजे तारांकन. ही आज्ञावली विनामूल्य मिळते व तिची रचना कोणासही पाहता व सुधारता येते.

समजा, देवगाव फाट्यावरील एखाद्या शाळेत तीन दूरध्वनी बसवावयाचे आहेत : मुख्याध्यापकांचा १०१, कचेरीचा १०२ व वरच्या मजल्यावरील १०३. ॲस्टेरिस्क ज्या संगणकावर चालते त्यास सर्व्हर म्हणतात. प्रथम सर्व्हरला न बदलणारा पत्ता द्यावा. कारण घराचा क्रमांक रोज बदलला तर टपाल पोहोचणार कसे? नंतर सर्व्हरवर प्रत्येक दूरध्वनीसाठी क्रमांक, नाव व पासवर्ड यांची नोंद करावी. शेवटी प्रत्येक दूरध्वनीत सर्व्हरचा पत्ता व तोच क्रमांक, तोच पासवर्ड भरावा. दूरध्वनी सुरू होताच तो सर्व्हरकडे आपली हजेरी लावतो. ज्याची हजेरी लागली नाही, त्याच्याकडे हाक पोहोचत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. इंटरनेट-दूरध्वनीत दोन प्रवाह असतात. हजेरी, घंटी व संभाषणाचा शेवट यांचे निरोप एसआयपी या पद्धतीने, बहुधा ५०६० क्रमांकाच्या दारातून जातात. प्रत्यक्ष आवाज मात्र आरटीपी या दुसऱ्या पद्धतीने निराळ्या दारांतून जातो. ॲस्टेरिस्कमध्ये ही दारे सामान्यतः १०००० ते २०००० या क्रमांकांची असतात. हा भेद उमगला म्हणजे निम्मे दोष आपोआप उलगडतात.

पहिला दोष हजेरी न लागण्याचा. प्रथम लॅन केबल, वीज व सर्व्हरचा पत्ता तपासावा. सर्व्हरचे उत्तर ४०१ असे आले तर घाबरू नये. पहिल्या वेळी तो पासवर्ड विचारण्याचा प्रघात आहे. तेच उत्तर पुन्हा पुन्हा आले किंवा ४०३ असा नकार आला, तर पासवर्ड अथवा नाव चुकले असण्याचा संभव असतो. ४०४ म्हणजे असा क्रमांक नाही. ४८६ म्हणजे समोरचा दूरध्वनी व्यग्र आहे. काहीच उत्तर आले नाही, तर निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे.

दुसरा दोष असा की, घंटी वाजते, पण एकाचाच आवाज ऐकू येतो. निरोपांची वाट मोकळी व आवाजाची बंद, असा याचा अर्थ. शाळेतील दूरध्वनींचे पत्ते शाळेपुरतेच असतात. बाहेरच्या जगास केवळ राउटरचा पत्ता ठाऊक असतो. दूरध्वनीने आपला आतला पत्ता कळविला, तर बाहेरचा आवाज त्या पत्त्यावर येऊ शकत नाही. अशा वेळी सर्व्हरमध्ये बाहेरचा पत्ता व आतल्या जाळ्याची कक्षा नोंदवावी, आवाजाची दारे राउटरमध्ये मोकळी करावीत आणि राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय असल्यास ती बंद करून पाहावे. ती मदतीसाठी असली तरी पुष्कळदा निरोपातील पत्ते बिघडविते.

संभाषण सुमारे ३२ सेकंदांनी दर वेळी तुटत असेल, तर उत्तर मिळाल्याची पोच दुसऱ्या बाजूस पोहोचत नाही असे जाणावे; कारण तेवढा वेळ वाट पाहून यंत्र संभाषण सोडून देते. बाहेर बोलता येते, पण काही वेळाने आत येणारी घंटी बंद पडते, असे झाल्यास राउटर आपली वाट विसरला आहे. हजेरीची मुदत कमी केल्यास हा दोष जातो.

आवाज तुटक येण्याचे कारण गणिताने कळते. जी.७११ या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात व प्रत्येक नमुना ८ बिटांचा असतो, म्हणजे ६४००० बिट. हा आवाज सेकंदाला ५० पुडक्यांत बांधला जातो. प्रत्येक पुडक्यात १६० बाइट आवाज व ४० बाइट पत्ता वगैरे मजकूर. अशा रीतीने एका दिशेस ८०००० बिट लागतात. पाच संभाषणे एकाच वेळी चालली तर चार लाख. त्याच वेळी कोणी चित्रफीत उतरवून घेऊ लागला, तर आवाजाची पुडकी मागे पडतात. म्हणून राउटरमध्ये आवाजास अग्रक्रम द्यावा. हे उदाहरण सातवीच्या वर्गात गुणाकारासाठीही उपयोगी पडेल.

दोन सूचना विशेष महत्त्वाच्या आहेत. १०१ क्रमांकासाठी १०१ हाच पासवर्ड ठेवू नये. असे सर्व्हर शोधून त्यांवरून परदेशी दूरध्वनी करणारे लोक आहेत, आणि देयक शाळेच्या नावे येते. दुसरे असे की, वीज अथवा इंटरनेट गेल्यास हा दूरध्वनी मुका होतो. बाहेरच्या दूरध्वनी सेवेशी जोडणी घेतलेली नसेल, तर त्यावरून १०८ किंवा ११२ हे क्रमांक लागतही नाहीत. एखाद्या मुलास साप चावला अशा प्रसंगी दोष शोधीत बसण्यास सवड नसते. म्हणून चार्ज केलेला एक मोबाइल कचेरीत नेहमी हाताशी असावा आणि तो कोठे ठेवला आहे हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावे.

दोषशोधनात एका वेळी एकच बदल करावा, बदलापूर्वी मूळ मांडणीची प्रत जपून ठेवावी आणि बदलाची तारीखवार नोंद करावी. ज्याने यंत्रणा मांडली त्या शिक्षकाची बदली झाली की तिची माहितीही त्याच्याबरोबर जाते, असे होऊ देऊ नये. सर्व्हरचा पत्ता व क्रमांकांची यादी शाळेच्या दप्तरात असावी, पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद लिफाफ्यात असावेत आणि कार्यभार सोपविताना ही दोन्ही रीतसर नव्या व्यक्तीच्या स्वाधीन करावीत.